वाफशाच्या एक दिवस आधी

या, असे जवळ सरका. पाय दुखत असतील तर भिंतीला टेकून बसा, पण जवळ बसा. एक गोष्ट सांगतो. मोठी नाही, आणि ओरडून सांगण्यासारखी तर मुळीच नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक म्हातारा, एक म्हातारी, घरामागची दोन गुंठे काळी माती आणि एक यंत्र, एवढंच. ऐकून झाल्यावर मी एक मागणं मागणार आहे. ते पैशाचं नाही, तेव्हा निर्धास्त बसा.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला एका वसाहतीत शिवयोगीअण्णा राहतात. चिंचोळी एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. मशीन कुरकुरलं की नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. त्यांची बायको शांतम्मा. मुलगी सिद्धेश्वरी लग्न होऊन लांब गेली, फोन करते. घरात दोघंच.

दोन वर्षांपासून शांतम्माचं सगळं पुसत चाललं होतं. आधी चहात साखर टाकली की नाही ते, मग गल्ली, मग मुलीचं नाव, मग घरात वावरणारा हा माणूस कोण ते. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा.

आहे ते म्हणजे सकाळची दहा मिनिटं.

शांतम्माच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी, तिला लिंगायतांत करडगी म्हणतात, आणि त्या डबीत तिचं इष्टलिंग. काळंभोर, गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडं मोठं. जन्माला आली त्या आठवड्यात स्वामींनी बांधलेलं. सकाळी अंघोळ झाली की ती पाटावर बसायची, कपाळाला भस्म लावायची, डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायची. मग पाणी, भस्म, बेलाचं पान, फूल. यात तिचं कधीच काही चुकायचं नाही. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते. आणि पूजा आटोपली की ती मान वर करून नवऱ्याकडे बघायची आणि वाहिलेलं फूल पुढे धरून कानडीत म्हणायची, "री, हू तगोरी." अहो, फूल घ्या.

पंचेचाळीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ते "री" हेच त्यांचं नाव. दिवसभर ते तिच्या लेखी कुणी नसायचे, पण त्या दहा मिनिटांच्या शेवटी ते तिचे नवरा व्हायचे. फूल घेऊन डोळ्यांना लावायचे. तोवर तिची नजर पुन्हा विझलेली असायची.

फुलं विकतची असायची. एकदा शेवंतीचं फूल हातात घेऊन ती थबकली आणि म्हणाली, "हे आपल्यातलं न्हाय." अण्णा चमकले. घरामागे एके काळी तिची बाग होती. शेवंती, झेंडू, मेथी, वालाचा वेल. तिचं दुखणं सुरू झालं तशी ती जागा पडीक पडली, गवत माजून वाळलं, भेगा अशा पडल्या की मूठ आत जावी. पण आपल्यातलं कुठलं आणि परकं कुठलं हे तिला अजून कळत होतं. अण्णांच्या मनाने तिथेच उचल खाल्ली. तिच्याच मातीतली शेवंती तिच्या हातात ठेवली तर दहाची पंधरा मिनिटं होतील. त्यांना एवढंच हवं होतं.

आता जमीन उकरायची कशी? उजव्या खांद्याने कुदळ उचलवत नव्हती. ट्रॅक्टर बोळातून शिरत नव्हता. माणूस लावावा तर अनोळखी पुरुष बघून शांतम्मा घाबरून कोपऱ्यात बसायची. म्हणून शेजारच्या विजयमालाला दुपारपुरतं घरी बसवून अण्णा टेंभुर्णीला गेले. तिथे धोंडीराम नावाच्या माणसाचं शेती अवजारांचं दुकान होतं.

धोंडीरामने पहिल्यांदा पुढे पाती असलेला लहान टिलर, माती उकरायचं हातयंत्र, काढला. "हलका हाय, काका. परसबागंला हेच नेत्यात सगळे."

अण्णांनी त्याचं हँडल धरून पाहिलं. "याची पातीच याला पुढं ओढणार. काळ्या मातीत, कडक जागंवर हे बेडकासारखं उडणार. दोन्ही हातांनी दाबून धरावं लागंल."

"मग धरायचं की."

"माझ्याकडं एकच हात हाय."

धोंडीरामने त्यांच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. अण्णांनी आतल्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या यंत्राकडे बोट केलं. त्याची चाकं पुढे होती आणि पाती मागे, पत्र्याच्या झाकणाखाली.

"ते रिअर टाइन. मागच्या पात्याचं. वजनाला भारी हाय."

"भारीच पायजे."

मग अण्णा खाली बसले आणि अर्धा तास उठले नाहीत. गिअरपेटीत साखळी आहे की दातेरी चाकं, ते विचारलं. पाती हाताने फिरवून पाहिली. चाकं पुढे जातात आणि पाती उलट्या दिशेने माती कापतात, म्हणजे यंत्र स्वतःच्या पायावर चालणार, माणसाला ओढणार नाही. खोली कमीजास्त करायची पट्टी सरकवून पाहिली. लिव्हर सोडल्याबरोबर पाती थांबतात का ते तीन वेळा पाहिलं. हँडल बाजूला वळवता येत होतं, म्हणजे नांगरलेल्या भुसभुशीत मातीत पाय न घालता शेजारच्या टणक जागेवरून चालता येणार होतं.

धोंडीराम म्हणाला, "काका, लगीन ठरवताना पोरीला तरी एवढं बघितलं व्हतं का?"

"तवा खाली मान घालून बसलो व्हतो. म्हणून आता बघून घेतो."

"मग? फसला काय?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "ती फसली." आणि उठून कपडे झटकले. "चालू करून दाव. मला एका हातानं धरून बघायचंय."

धोंडीरामने दुकानामागच्या पट्टीत यंत्र चालू करून दिलं. अण्णांनी डावा हात हँडलवर ठेवला, उजवा हात असा अंगापासून थोडा लांब, कुणाचा तरी हात धरल्यासारखा. यंत्र म्हशीसारखं सावकाश, सरळ निघालं. ढेकळांचा मागे भुगा होत होता. "दगड आला तरी भुगा," धोंडीराम कौतुकाने म्हणाला. अण्णांना ते वाक्य त्या वेळी चांगलं वाटलं.

शांतम्माला क्षणभर एकटं सोडता येत नव्हतं. म्हणून त्यांना एका हाताने चालणारं यंत्र पाहिजे होतं, दुसऱ्या हातात तिचा हात राहावा म्हणून.

यंत्र घरी आलं. बुधवारी अण्णांनी सबंध जागा बोअरच्या पाण्याने भिजवली. आता काळ्या मातीचं तुम्हाला माहीत आहेच. कोरडी असली की लोखंड, ओली असली की चिखल, आणि या दोहोंच्या मध्ये जेमतेम एखादा दिवस ती माणसाचं ऐकते. त्याला वाफसा म्हणतात. अण्णा रोज मूठभर माती दाबून गोळा करायचे आणि खाली टाकायचे. गोळा फुटला तर वाफसा आला. गुरुवारी फुटला नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी सकाळी टाकला तेव्हा त्याला भेग गेली, पण फुटला नाही. म्हणजे सोमवारी येणार, नक्की येणार.

पण सोमवारी कसं करणार? अण्णा मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे. त्यांच्या घरात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. सोमवार बसवण्णाचा, बैलाच्या विसाव्याचा. वडिलांनी पाऊस तोंडावर असतानाही सोमवारी पेरणी धरली नव्हती. आता टिलरला मान नाही, जू नाही, तो पेट्रोल पितो. हे अण्णांना कळत नव्हतं असं नाही. तरी सोमवारी मातीत यंत्र घालायचं म्हटलं की त्यांचा हात पुढे जायचा नाही. मंगळवारपर्यंत थांबावं, तर ऊन असं होतं की वरची माती पुन्हा आवळून आली असती. आणि खरं सांगायचं तर त्यांना थांबवतच नव्हतं. म्हणून रविवारी, वाफशाच्या एक दिवस आधी, त्यांनी यंत्र बाहेर काढलं.

त्या सकाळी पूजा नेहमीसारखी झाली होती. "री, हू तगोरी" झालं होतं. मग अण्णा ओट्यापाशी चहा करायला वळले आणि शांतम्मा मागच्या दाराने बाहेर गेली. मागे चारी बाजूंनी भिंत होती, म्हणून त्यांनी काळजी केली नाही. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ. भिंतीपलीकडून विजयमालाने पाहिलं, अक्का उकिडव्या बसून मातीत काहीतरी करताहेत. गवत उपटत असतील, असं तिला वाटलं.

नऊ वाजता यंत्र सुरू झालं. डाव्या हातात हँडल, उजव्या हातात शांतम्माचा हात. ती मुकाट्याने शेजारून चालत होती. आवाजाला भ्याली नाही. अण्णांना इतकं बरं वाटलं की ते मोठ्याने भजन म्हणायला लागले, यंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार होतं? दोन पट्ट्या झाल्या. तिसऱ्या पट्टीच्या मध्यावर शांतम्माने त्यांचा हात ओढला.

"हितं नको."

"का गं?"

"हितं मी पेरलंय."

अण्णांना वाटलं, तिला जुनी बाग आठवली. ते एवढे हरखले की त्यांचे डोळे भरून आले. "काय पेरलंस, शांता? मेथी?"

ती नुसती पायापुढच्या मातीकडे बोट दाखवून उभी राहिली.

"बरं," अण्णा म्हणाले, "उगवलं की बघू." आणि त्यांनी लिव्हर दाबली.

उभं एकदा, आडवं एकदा, मग खोली वाढवून पुन्हा उभं आणि पुन्हा आडवं. माती ओलसर होती, त्यामुळे भुगा झाला नाही. पात्यांतून तिचे गोळे होऊन पडत गेले. काळे, गोल, चकचकीत, सुपारीएवढे, लिंबाएवढे, हजारो. अण्णा मनात म्हणाले, एक दिवस घाई झाली खरी. चालायचंच, पाण्याने फुटतील.

संध्याकाळी तिचं तोंड धुताना त्यांचा हात तिच्या गळ्याशी गेला आणि थांबला. गळा मोकळा होता.

घर शोधलं. गादी, उशा, देव्हारा, न्हाणीघर. मग एकदम ते "पेरलंय" कानात उभं राहिलं. अण्णा तडक यंत्रापाशी गेले. मागचं झाकण वर केलं. पात्यांच्या दांड्याला दोरा गुंडाळला होता. फिटरचा हात, त्यांनी एकेक वेढा न तोडता उलगडला. शेवटच्या वेढ्याशी करडगीचं एक टरफल मिळालं, चेपलेलं. दुसरं टरफल नव्हतं. आत काही नव्हतं.

सोमवार उजाडला. शांतम्माने अंघोळ केली, भस्म लावलं आणि डावा तळहात पुढे करून बसली. गळ्याशी हात नेला. पुन्हा तळहात पुढे केला. तशीच बसून राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर. अण्णांनी पुढे ठेवलेल्या भाकरीला तिने हात लावला नाही. दूध पाजायला गेले तर दात घट्ट मिटून घेतले. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हे तिला कुणी आठवण करून द्यायला नको होतं.

बाहेर माती अगदी वाफशावर आली होती. अण्णा लोखंड न घेता नुसत्या हातांनी तिच्यात बसले. विजयमाला भिंतीला वळसा घालून आली.

"अण्णा, मी बगितलं व्हतं वो. मला वाटलं अक्का गवात काडत्यात."

"मी तर हात धरून हुबा व्हतो, बाई. मला सांगितलं तिनं."

दोघांनी रीत ठरवली. ढेकूळ उचलायचं, पाण्याच्या बादलीत टाकायचं. माती असेल तर विरघळेल, लिंग असेल तर राहील. काळ्यात काळं शोधायला दुसरी रीत नव्हती. बादलीच्या तळाशी मुरमाचे खडे राहिले, शांतम्माच्या जुन्या बांगड्यांचे हिरवे तुकडे राहिले, एक गंजलेलं खुरपं निघालं. दुपारपर्यंत एका वाफ्याएवढी माती झाली. अण्णांनी मनात हिशेब मांडला, दोन गुंठे, वीतभर खोल. मग त्यांना धोंडीरामचं वाक्य आठवलं, दगड आला तरी भुगा. लिंगाच्या अंगावरचं काळ्या लेपाचं कवच फुटून आतला साधा खडा उघडा पडला असेल, तर तो ओळखायचा कशावरून? हे ते विजयमालाला बोलले नाहीत. बादली भरत राहिले.

मंगळवारी मठातले गुरुशांतस्वामी आले. प्रेमळ माणूस. नवीन लिंग घेऊन आले होते, मंत्र म्हणून, दोऱ्यात ओवून. अण्णांना म्हणाले, "शिवयोगी, लिंग तळहातावर असतं तसं अंतरातही असतं. ते कुठं हरवत नाही. एवढी प्रवचनं ऐकलीत तुम्ही."

"मला ठाव हाय, स्वामी," अण्णा म्हणाले. "तिच्या हाताला सांगा."

स्वामींनी नवं लिंग शांतम्माच्या तळहातावर ठेवलं. तिने बोटं मिटली, उघडली. वजन केल्यासारखा हात जरा खालीवर केला. मग स्वामींच्या हातात ते परत दिलं. "हे कुणाचं हाय? ज्याचं त्याला देऊन या. बिचारं उपाशी बसलं असंल."

स्वामींनी ते उपरण्याच्या टोकाला बांधलं. पायरी उतरून गेले.

कीर्तनात असतं ना, तर इथे काहीतरी घडलं असतं. बादलीत तेज पडलं असतं, बुवांनी झांजा वाजवायला सांगितल्या असत्या आणि तुम्ही-आम्ही डोळे पुसत घरी गेलो असतो. मलाही तसं सांगायला फार आवडलं असतं. पण झालं ते सांगतो.

बुधवारी सकाळी शांतम्माला उभं राहवत नव्हतं. अण्णांनी तिला धरून आणून मातीच्या कडेला पाटावर बसवलं, नजरेसमोर असावी म्हणून, आणि बादलीकडे वळले. विजयमालाने त्यांच्या बाहीला धरलं. शांतम्माने वाकून एक ढेकूळ उचललं होतं. सुपारीपेक्षा थोडं मोठं. ते तिने डाव्या तळहातावर ठेवलं. दोन बोटांनी भस्म लावलं, कपाळावरचंच घेऊन. बेलाचं पान ठेवलं. शेवंतीचं विकतचं फूल ठेवलं. मग तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडली.

अण्णांना ओरडावंसं वाटलं, पाणी नको. ढेकूळ आधी चमकलं, अगदी तसंच दिसलं, खोटं कशाला बोलू, अण्णांनाही क्षणभर ते तेच वाटलं. मग त्याची कड सुटली. काळं पाणी तिच्या बोटांमधून मनगटावर, मनगटावरून लुगड्यावर उतरलं. पान सरकलं. तळहातावर थोडा चिखल तेवढा राहिला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं, रडली नाही. तिने हात पदराला पुसला, म्हणाली, "झालं." आणि भाकरीसाठी हात पुढे केला.

विजयमाला धावत आत गेली. अण्णा मात्र तिथेच गुडघ्यावर बसले होते, ओंजळ पुढे करून. फूल तिच्या मांडीवर पडलं होतं. तिने ते पाहिलं, उचललं आणि बाजूला जमिनीवर ठेवलं. मग या समोर बसलेल्या, चिखलाने भरलेल्या माणसाकडे पाहिलं.

"तुमी मशीनवाले काय?"

अण्णांनी ओंजळ खाली घेतली.

"झालं की काम आता," शांतम्मा मायेने म्हणाली. "जावा घरी. घरची वाट बगत असतील."

"व्हय," अण्णा म्हणाले. "जातो."

त्या दिवसापासून ती जेवते. रोज सकाळी मागे येते, एक ढेकूळ निवडते, पूजा करते, ते विरघळतं, ती "झालं" म्हणते. "री" मात्र पुन्हा कधी आलं नाही. पंधरा दिवस अण्णा ओंजळ पुढे करून बसले, मग बसायचे थांबले.

अण्णांनी मागवलेली शेवंतीची रोपं आली होती, ती विजयमालाने तिच्या कुंड्यांत लावली. मागची बाग काही झाली नाही. कशी होणार? झाडं लावली तर ढेकळं कुठून येणार? उन्हाने ती आठवडाभरात फुटून माती होतात. म्हणून अण्णा दर बुधवारी एक पट्टी भिजवतात आणि दर रविवारी, वाफसा यायच्या एक दिवस आधी, टिलर चालवतात. तीस वर्षं मशीनं नीट चालावीत म्हणून झिजलेला माणूस, आता जाणूनबुजून चुकीच्या ओलीत यंत्र घालतो, गोळे चांगले गोल पडावेत म्हणून. डाव्या हातात हँडल असतं, उजव्या हातात शांतम्माचा हात. ती मशीनवाल्याबरोबर निमूट चालते. मधेच कधी थांबून म्हणते, "हितं नको." आता अण्णा लगेच थांबतात. यंत्र बंद करतात, गुडघ्यावर बसतात आणि तिथली माती बोटांनी वीतभर उकरून बघतात. मग उठतात. आठवडाभरात न फुटता उरलेली ढेकळं शनिवारी संध्याकाळी बादलीत जातात. अजूनपर्यंत सगळी विरघळली आहेत.

संपली गोष्ट. आता माझं मागणं. उद्या सकाळी अंघोळ करून तुम्ही कपाळाला भस्म लावाल, कुणी गंध लावाल, कुणी नुसतेच हात जोडाल. तळहातावर पाणी घ्याल तेव्हा ते सांडायच्या आत एकदा शांतम्माला आठवा. अक्कलकोट रस्त्याची, शिवयोगींची बायको शांतम्मा. तिची तिला आता आठवण राहिलेली नाही, आणि जो रोज तिची आठवण करतो तो एकटा पडलाय.